घेणाऱ्याची सही

मी, खाली सही करणारी नीरजा मधुसूदन पिंगळे, वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, काम मुलांना बायोलॉजी शिकवणे, राहणार सीपरी बाजार, झाशी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतेय. मी पूर्ण शुद्धीत आहे. रागात पण आहे. आमच्या गल्लीतले वकीलसाहेब म्हणाले, "बिटिया, वसीयत में होश लिखते हैं, गुस्सा नहीं लिखते." मी विचारलं, "तो गुस्सा कहाँ लिखते हैं?" ते चष्मा पुसत बसले. म्हणून इथेच लिहितेय.

हे मराठीत आहे, त्याचंही कारण आहे. वकीलसाहेबांनी हिंदी नमुना दिला होता, आणि मी शिकलेय इंग्लिश मीडियममध्ये, मला तेच सोपं गेलं असतं. पण हे ज्यांनी वाचावं म्हणून लिहितेय ते माझे बाबा, आणि बाबा मराठीत लिहिलेलं काहीही शेवटपर्यंत वाचतात. चुका काढायला का होईना, वाचतात.

आता असं वय नसताना मृत्युपत्र का, ते सांगते. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिस चालू आहे. माझा ब्लड ग्रुप जुळला, बाकीच्या टेस्ट जुळल्या, दिल्लीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. दवाखान्याच्या समितीने मला एकटीला बसवून विचारलं, "आप पर कोई दबाव तो नहीं है?" मी म्हटलं, "है. न देने का." ते हसले. मी हसत नव्हते. कारण तारीख जवळ आलीय आणि बाबांनी अजून त्यांच्या संमतीवर सही केलेली नाही. त्यांच्या सहीशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. आणि बाबांचं कारण एका ओळीचं आहे: मुलीचं घेत नाहीत.

मी सगळं करून बघितलं. थर्माकोलची किडनी बनवली. लॅपटॉप टीव्हीला जोडून घरच्यांना स्लाइड दाखवल्या, "एक किडनी पूरते". बाबांनी सगळ्या स्लाइड बघितल्या आणि म्हणाले, "पुरते मधला पु दीर्घ झालाय." त्यावर पुण्याहून मंदारदादाने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "आणि नीरजाला काही झालं तर?" सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. ठीक आहे. नीरजाला काही झालं तर काय, ते नीरजा खाली लिहून देतेय.

एक शब्द आधीच क्लियर करते. पहिल्या कच्च्या लिखाणात मी लिहिलं होतं, "रोजच्या जगण्याने मला जी शिक्षा दिली, ती मी खालील वारसांना वाटून देत आहे." हे शेजारच्या भीमरावकाकांना वाचून दाखवलं. काका मूळ साताऱ्याचे, फौजेत होते, झाशीजवळच्या बबीना छावणीतून रिटायर झाले आणि इथेच राहिले. ते म्हणाले, "अगं पोरी, शिक्षा कधी झाली तुला? साधी का सक्तमजुरी?" मला जोक कळेना. मग त्यांनीच सांगितलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण, मराठीत शिक्षा म्हणजे सजा. आम्ही झाशीची मराठी माणसं दोन्ही भाषा एकाच तोंडाने बोलतो, त्यामुळे कधी काय म्हणतोय ते आमचं आम्हाला कळत नाही. काका म्हणाले, "शिकवण लिही." मी विचार केला आणि नाही बदललं. जगण्यातून जे शिकायला मिळालं ते मला असंच मिळालंय, शिकवण आणि सजा एकाच पाकिटात. म्हणून या कागदात जिथे शिक्षा असेल तिथे दोन्ही अर्थ धरावेत. कोर्टाने पण.

कलम १. माझी स्कूटी माझी मैत्रीण अंबिका हिला. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते आणि माझ्याच कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते. स्कूटीचा मागचा ब्रेक जरा आवाज करतो, पण लागतो. स्कूटीबरोबर ही शिक्षा: सीपरी बाजारात इंडिकेटर देऊन काही होत नाही. तू उजवीकडे वळणार हे सगळ्यांना दिसतं आणि तरी ऑटोवाला उजवीकडूनच घुसतो. मान वळवून स्वतः बघ आणि वळ. घरातही असंच आहे. मी वर्षभर इंडिकेटर देत होते की मी किडनी देणार आहे. सगळ्यांना दिसत होतं. कोणी बाजूला झालं नाही.

कलम २. बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते अनुराधाताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला. अट एकच, ते तिच्या एकटीच्या नावावर राहील आणि त्यातून घरासाठी मिक्सर येणार नाही.

ताई बरुआसागरला असते. तिने स्वतः पसंत केलेलं स्थळ, सासरचे बुंदेलखंडी, आल्याची शेती आहे. बाबांनी लग्नाला हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिच्या घरचं पाणी सोडलं. कारण इकडची रीत आहे, बेटी के घर का पानी नहीं पीते. आपल्याकडे एवढं कडक कोणी पाळत नाही हो, आजोबा तर त्यांच्या मुलीकडे महिना महिना जेवायचे. पण बाबांचं म्हणणं, "मुलगी त्यांच्यात दिली, तर रीत त्यांची पाळायची." बरं. मी स्वतः डोळ्याने बघितलंय. ताईची सासू पाण्याचा पेला घेऊन समोर उभी, म्हणतेय, "अब को मानत जे सब, समधी जी? पानी तो पी लो." म्हणजे ज्यांची रीत आहे त्यांनी ती सोडून दिली. आणि आमचे बाबा, दुसऱ्याची रीत दुसऱ्यापेक्षा जास्त घट्ट धरून, हात जोडून, "नहीं नहीं, आप तकलीफ मत कीजिए." आत ताई आल्याचा चहा उकळत होती. तो चहा उकळून उकळून काळा झाला. ती गॅस बंद करेना. मी आत गेले तर म्हणाली, "गाळून काय करू?"

यातून मला मिळालेली शिक्षा अशी की आमच्या घरात दोन रीती आहेत, एक मराठी आणि एक बुंदेली, आणि दोन्हीतली जी मुलीला नाही म्हणते ती आमची. इकडे मुलीला पाया पडू देत नाहीत, उलट तिचे पाय धरतात. ते आम्ही घेतलं नाही. पाया पडायला आम्ही मराठी, पाणी न प्यायला बुंदेली.

कलम ३. स्टीलचा थर्मास. हा बाबांच्या खुर्चीजवळ असतो म्हणून सगळ्यांना बाबांचा वाटतो. तो माझा आहे. पहिल्या पगारातून मी मानिक चौकातून आणला, दुकानदाराशी भांडून. बाबा ताईकडे जाताना याच थर्मासमध्ये घरचं पाणी भरून नेतात आणि ताईच्या ओसरीवर बसून ते पितात. म्हणजे एका मुलीच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून दुसऱ्या मुलीच्या कमाईच्या थर्मासमधलं पितात. हे मी बाबांना बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले, "तुझं वेगळं. तुझं लग्न व्हायचंय. तू अजून आपल्याच घरची."

हे वाक्य लक्षात ठेवा. कलम आठमध्ये लागेल.

थर्मास ताईला. तिने त्यात बरुआसागरचं पाणी भरून बाबांच्या हातात द्यावा आणि कुठलं आहे ते सांगू नये. आता तर डॉक्टरांनीच त्यांना पाणी मोजून दिलंय. दिवसाचं पाणी आई सकाळी एका बाटलीत काढून ठेवते आणि बाबा दिवसभर त्या बाटलीकडे बघत असतात. ज्या माणसाने समोर आलेला भरलेला पेला परत पाठवला, तो आता बर्फाचा खडा चघळतो. मला याचा आनंद होत नाही. राग येतो. कोणावर ते कळत नाही म्हणून जास्त येतो.

कलम ४. मंदारदादा. तो माझा मोठा भाऊ, पुण्यात नोकरी करतो, त्याचाही ब्लड ग्रुप बाबांचाच आहे. आईचा आणि ताईचा नाही, आईला शुगरही आहे, त्यामुळे उरलो आम्ही दोघं. दादाला मी विचारलं, टेस्ट करून घेशील का? तो म्हणाला, "बघू." मी परत विचारलं. "बघू ना, नीरजा. जरा ऑफिसचं हे क्वार्टर जाऊ दे." यावरून मला शिक्षा मिळाली की मराठीत नाही म्हणायला नाही हा शब्द लागतच नाही. आणि बाबांना दादाचं 'बघू' चालतं. मुलाचं 'बघू' हे मुलीच्या 'घ्या' पेक्षा मोठं आहे. बाबा अजून वाट बघताहेत. फोन वाजला की आवाज बारीक करून विचारतात, "मंदार आहे का?"

दादा घाबरला, एवढं तो एकदा तरी बोलला असता ना, तर मी त्याच्याशी भांडले नसते. घाबरायला मी पण घाबरते. सुई बघून मला घाम येतो. पण घाबरलो म्हणायच्या ऐवजी तो माझी काळजी करायला लागला. दुसऱ्याची काळजी करणं हे आपली भीती लपवायचं सगळ्यात सोयीचं कपाट आहे.

म्हणून दादाला माझी पुस्तकं, कॉटखालची सुटकेस आणि लॅपटॉप. माफी देत नाही. माफी ही माझी स्वतः कमावलेली संपत्ती आहे, कोणाला द्यायची ते मी ठरवणार. अजून ठरवलेलं नाही. बघू.

कलम ५. दुर्गाआत्या. मॅच झाल्याची बातमी कळली तेव्हा आत्याने आईला फोन केला, स्पीकर चालू होता. "अगं वहिनी, पोरीच्या पोटावर टाके पडले तर करून कोण घेईल तिला?" मी म्हटलं, "आत्या, मी लाइनवर आहे." आत्या म्हणाली, "बरं झालं, तूच ऐक. मी तुझ्या भल्याचंच बोलतेय."

आत्याला माझी सीटी स्कॅनची फिल्म देण्यात यावी, मोठ्या पाकिटासकट. त्यात मी आतून कशी आहे ते सगळं दिसतं, दोन्ही किडन्या, नसा, एकदम स्वच्छ. जी स्थळं बघायला येतील त्यांना ती दाखवावी. माझ्या लग्नासाठी केलेल्या सोन्याच्या बांगड्या मात्र आत्याकडे जाऊ नयेत, त्या आईच्या. आईने त्या घालाव्यात. कपाटात ठेवायच्या नाहीत, रोज भाजी आणताना घालायच्या. आईला यातून कसलीही शिक्षा देत नाही, तिला पुरेशी झालीय.

कलम ६. घर. घर माझं नाही त्यामुळे ते मी देऊ शकत नाही, वकीलसाहेबांनी हे दोनदा सांगितलं. बाबांनी ते तोंडी मंदारदादाला देऊन टाकलंय, "मुलींचं लग्नात होतं." माझं तर अजून तेही झालेलं नाही. पण घरातली एक गोष्ट नक्की माझी आहे. नळाला पाणी आलं की उठून मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची. दादा पुण्याला गेल्यापासून ही पाळी माझी, आणि ती माझ्याकडून कोणी मागितली नाही, कोणाला हवीच नव्हती. उन्हाळ्यात झाशीत पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे मी कान उघडे ठेवून झोपते. ही पाळी मी मंदारदादाला देते. घर त्याचं, तर पाणी पण त्याने भरावं. शिक्षा: घर कोणाचं हे कागदावर बघून कळत नाही. पाणी आल्याचा आवाज झोपेत कोणाला ऐकू येतो, ते विचारा.

कलम ७. माझं शरीर. ऑपरेशन टेबलवर काही झालंच, तर जे जे दुसऱ्याला लागू शकेल ते सगळं द्यावं. डोळे, लिव्हर, कातडी, सगळं. फॉर्म मी भरलाय. अग्नी ताईने द्यावा. गुरुजी म्हणतील मुलगा पाहिजे, भाऊ पाहिजे. त्यांना सांगावं की मुलगा क्वार्टर संपल्यावर येणार आहे. आणि माझ्या तेराव्याला कोणीही "मी सांगितलं होतं" असं म्हणू नये. जो म्हणेल त्याला ताटावरून उठवण्याचा पूर्ण अधिकार भीमरावकाकांना. त्यांनी फौजेत माणसं उठवलेली आहेत.

माझ्या कोचिंगच्या मुलांना थर्माकोलची किडनी. तिचा निळा रंग हाताला लागतो. त्यांना सांगा की मॅडम जे फळ्यावर शिकवायच्या ते त्यांनी खरंच मानलेलं होतं.

कलम ८. बाबा. माझे वडील, मधुसूदन पिंगळे. यांना काही नाही.

विसरले नाहीये. मुद्दाम आहे. मुलीचं घेत नाहीत ना? मग नका घेऊ. पेनसुद्धा नाही.

पण कारण लिहिलंच पाहिजे. मागच्या आठवड्यात डायलिसिसहून आल्यावर बाबा खुर्चीत बसले होते, चेहरा असा कागदासारखा. मी पायाशी बसले आणि नीट, न ओरडता विचारलं, "बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, मी अजून आपल्याच घरची? मग माझी किडनी पण आपल्याच घरची. बाहेरून कुठे घेताय?"

बाबा खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "वादात जिंकून किडनी देतात का गं?"

मी म्हटलं, "प्रेमाने दिली तर घेत नाही तुम्ही. मग काय करू?"

ते म्हणाले, "मुलीला द्यायचं असतं, नीरजा. मी तुला काय दिलं? तुझ्या शाळेची फी सुद्धा तुझ्या आईने बांगडी मोडून भरली. आता तुझं शरीर कापून घेऊ?"

हे ते मला आधी कधीच बोलले नव्हते. आणि मी रडायला पाहिजे होतं बहुतेक, पण मला अजून राग आला. म्हणजे इतकी वर्षं रीत रीत म्हणत होते, आणि आत ही गोष्ट होती! लाज वाटत होती तर लाज वाटते म्हणा ना! ताईला का रडवलं? बिचाऱ्या सासूला पेला घेऊन का उभं केलं? मी हे सगळं ओरडून बोलले. आई स्वयंपाकघरातून आली आणि परत आत गेली.

बाबा, तुम्ही हे वाचताय, तर ऐका. ही मला मिळालेली सगळ्यात मोठी शिक्षा आहे, दोन्ही अर्थाने. द्यायला फार काही लागत नाही. माझ्यासारखी, जी सुईला घाबरते, ती पण देऊ शकते. घ्यायलाच जिगर लागते. देणारा वर राहतो, घेणाऱ्याला खाली वाकावं लागतं, आणि तुम्ही जन्मभर कोणासमोर वाकला नाहीत, साहेबासमोर नाही, समधीसमोर नाही. याला सगळे स्वाभिमान म्हणतात. मी याला कंजूषपणा म्हणते. तुम्ही कोणाला देऊच दिलं नाहीत कधी.

हे कलम इथे संपलं.

साक्षीदारांबद्दल. वकीलसाहेबांचा सल्ला आहे की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून साक्षीदार नंबर एक भीमरावकाका. आणि साक्षीदार नंबर दोनवर मी बाबांचं नाव टाईप केलंय. त्यांना काही मिळत नाही आणि ते काही घेत नाहीत. त्यांच्याइतका फिट साक्षीदार अख्ख्या झाशीत नाही.

सही करण्याच्या वेळची नोंद, ही हाताने लिहितेय, सगळ्यांसमोर.

आज रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत वकीलसाहेब आले, भीमरावकाका आले. बाबांनी सगळा कागद वाचला. पेन्सिल घेऊन वाचला, जसं ते घरी माझ्याकडून लिहून घेतलेले मराठी निबंध वाचायचे. काकांनी विचारलं, "काय मधुसूदनराव, किती मार्क?" बाबा वाचत राहिले. कलम दोनपाशी थांबले. कलम आठपाशी थांबले, चष्मा काढला, परत घातला. मी भिंतीकडे बघत होते.

मग मी पेन पुढे केलं. म्हटलं, "इथे बाबा. नंबर दोन."

बाबांनी पेन घेतलं, टोपण काढलं. सहीची जागा बघितली. मग वकीलसाहेबांना विचारलं, "जो लेगा, वो गवाह नहीं बन सकता. यही कहा था न आपने?"

"न बने तो अच्छा रहता है, पिंगळे जी."

बाबांनी टोपण परत लावलं. म्हणाले, "तो फिर किसी और को बुला लीजिए."

पहिल्यांदा कोणाला समजलं नाही. वकीलसाहेब म्हणाले, "पर आपको तो बिटिया कुछ दे ही नहीं रही हैं." भीमरावकाकांनी त्यांचा हात दाबला. आईला सगळ्यात आधी समजलं. ती आत गेली आणि दिल्लीची फाईल घेऊन आली, जिच्यात बाबांच्या संमतीचा कागद आहे, आणि बाबांसमोर ठेवली. बाबांनी तेच टोपण परत काढलं आणि तिथे सही केली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किडनी नाही, मूत्रपिंड लिही. मृत्युपत्र आहे हे."

मी नाही लिहिणार. किडनीच राहील. आणि 'शिक्षा' शब्दाखाली ते रेघ मारतील असं मला वाटलं होतं, तिथे त्यांनी पेन्सिल लावलेली नाही.

माझा राग अजून आहे, तो या सहीने संपलेला नाही. ताईला फोन करून तिच्या सासूची माफी मागणं बाकी आहे, आणि ते बाबांनी स्वतः करायचंय. कलम आठ तसंच ठेवतेय, एक शब्द बदलत नाही. बाबांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही. जे त्यांना द्यायचंय ते मी मेल्यावर द्यायचं नाहीये.

वरील सगळं मी लिहिलं, वाचलं, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. खोडलेल्या नावापाशीही सही केली आहे.

लिहून देणार: नीरजा मधुसूदन पिंगळे

साक्षीदार १: भीमराव कदम, सीपरी बाजार (सही)

साक्षीदार २: ~~मधुसूदन पिंगळे~~ (खोडलं. कारण: घेणार आहेत.)
त्यांच्या जागी शारदा निगम, अंबिकाची आई, खालचा मजला (सही. अंबिकाला स्कूटी मिळते, म्हणून ती चालली नाही.)

झाशी, रविवार, ९ मार्च २०२५